दाबून बगितलं का?

नाना दासरींबद्दल आमच्या सोसायटीत कुणाचं मत चांगलं नव्हतं. नानांचं तर सोसायटीतल्या एकाही माणसाबद्दल चांगलं नव्हतं, त्यामुळे फिट्टंफाट होती. आता नाना नाहीत. पार्किंगमधली त्यांची पायरी रिकामी असते, आणि तिथून जाताना अजूनही मला वाटतं की कुणीतरी माझ्या हातातल्या पिशवीकडे संशयानं बघतंय.

आमची इमारत जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या वस्तीत. सगळी पगारदार मंडळी, मी स्वतः कॉलेजच्या ऑफिसात कारकून. नाना पूर्व भागातल्या मागांच्या खडखडाटातून उठून इकडे तळमजल्यावर राहायला आले ते मुलीसाठी. पद्मा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. फ्लॅट पद्मानं पसंत केला होता. नानांनी अजून केला नव्हता. टेंपोतून सामान उतरत होतं आणि हे गृहस्थ पार्किंगच्या खांबाला अंगठ्यानं दाबून बघत होते. मी शेजारधर्म म्हणून पुढे झालो आणि काही मदत हवी का विचारलं.

"ह्यो खांब कोण बांदला?" नानांनी मलाच उलटं विचारलं.

"बिल्डरनं."

"दिसायला बरा हाय. घेताना दाबून बगितलं का तुमी?"

मी बाल्कनी बघून फ्लॅट घेतला होता. खांब दाबायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तो खांब दाबून पाहिला. काय कळायचं असतं ते मला कळलं नाही, पण मनात किडा मात्र शिरला.

संध्याकाळी नाना पार्किंगच्या पायरीवर येऊन बसले. सदऱ्याच्या खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली. डबीत तंबाखू, त्यावर बटाट्याची एक पातळ चकती, तंबाखू कोरडी पडू नये म्हणून. दुसऱ्या खिशातून पातळ कागदांचं पाकीट. कागद डाव्या हाताच्या बोटांत धरला, चिमूट टाकली, ती बोटानं सारखी केली, काड्या वेचून फेकल्या, अंगठ्यांनी कागद पुढे-मागे लोळवला, कडेवरून जीभ फिरवली आणि सिगारेट तयार. मग ती मधोमध चिमटीत दाबून बघितली. स्वतः वळलेली, दोन मिनिटांपूर्वी वळलेली सिगारेट! तिच्यावरही विश्वास नाही.

हा कार्यक्रम सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तोही भर पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. घरात नाही, गच्चीवर नाही. खिशात वळून ठेवलेली सिगारेट कधीच नसायची. ओढायची तेव्हाच, सगळ्यांसमोर, डबी उघडी ठेवून वळायची. आम्हाला तो उद्दामपणा वाटायचा. चोरून ओढणारा माणूस निदान लाजतो तरी.

आणि हाताने वळलेली सिगारेट म्हटल्यावर जे डोक्यात यायचं तेच सगळ्यांच्या डोक्यात आलं. आधी माझ्या बायकोनं खिडकीत उभं राहून नाक वर केलं आणि "हा वास तंबाखूचा नाही" म्हणून निकाल दिला. तिनं जन्मात गांजाचा वास घेतलेला नाही, पण तिची खात्री होती. मग वरच्या मजल्यावर कुजबुज, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर 'काही व्यक्ती' असा मोघम मेसेज, आणि शेवटी सेक्रेटरी स्वतः पायरीपाशी आले. नुसतेच उभे राहून दीर्घ श्वास घ्यायला लागले.

नाना म्हणाले, "सर्दी झालीया का?"

"नाही, सहज. काय असतं हे डबीत?"

नानांनी डबी त्यांच्यापुढे धरली. "हुंगा. हुंगून कळंना तर दाबून बगा. बोटाला चिकटला तर गांजा, सुटला तर तंबाकू. घ्या की हातात, भिताव कशाला?"

सेक्रेटरींनी घाबरत चिमूट घेतली, दाबली, सोडली. बोटं कोरडीच होती. तरी ते जाताना मला हळूच म्हणाले, "आज साधी ठेवली असेल." मला तेव्हाच वाटलं, नाना या इमारतीत छान रुळणार.

दाबून बघण्याची सवय त्यांच्या धंद्यातली. नाना जन्मभर एका बिडी कारखान्यात चेकर होते. पूर्व भागातल्या बायका घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात आणि कारखान्यात आणून देतात. चेकर त्या हातात घेऊन तपासतो. तंबाखू कमी, वळण ढिलं, पान फाटकं, अशी बिडी तो बाजूला काढतो. तिला म्हणतात छाट. छाट झालेल्या बिडीचे कष्ट वाया गेले. म्हणजे एका बाजूला दिवसभर पाठ मोडून बसलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला नानांचा अंगठा. एवढी वर्षं ज्या अंगठ्यानं दुसऱ्याची खोट शोधली तो निवृत्त झाल्यावर गप्प कसा बसणार? नानांनी दुधाची पिशवी दाबली, पाव दाबला, आमच्या नव्या सोफ्याची गादी दाबून "आत भुसा हाय" म्हणून सांगितलं. एकदा दुकानात कडक भाकरी दाबून बघितली. तिचा चुरा झाला, दुकानदार भांडायला उठला, तर नाना त्यालाच म्हणाले, "तुटली म्हंजे कडक हाय. पास."

एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण नानांच्या अंगठ्याखाली पद्माचं लग्न होतं.

पद्मा गुणाची मुलगी. सकाळी स्कूटीवरून जायची, संध्याकाळी दमून यायची, आणि आल्यावर बापाच्या शंका ऐकायची. तिला सांगून येणारी स्थळं नाना एकामागून एक छाटत होते. त्याची त्यांची स्वतःची रीत होती, आणि ती मी पार्किंगमध्ये बसून प्रत्यक्ष पाहिली आहे.

"आमच्यात आधी काय करायचे ठाव हाय का, सर?" नाना मला म्हणाले. कॉलेजच्या फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी सर होता. "पोरगी बगायला आले की तिच्या पुढ्यात सूप ठेवायचे. पान, तंबाकू, दोरा. वळ म्हणायचे. हात चलाक हाय का बगायचे, कारण तिच्या हातावर घर चालायचं. माज्या बायकोनं पण वळून दावली. मग पोराची परीक्षा नको व्हय? त्येला काय नुसता च्या पाजायचा?"

म्हणून मुलगा आला, पोहे झाले, की नाना त्याला बाहेर पायरीवर बसवून त्याच्यापुढे डबी आणि कागद सरकवायचे. "वळा एक."

या परीक्षेत पास होण्याची सोयच नव्हती. एकानं कागद गच्च भरला, तो उधळ्या ठरला. एकानं चिमूटभरच टाकली, तो कंजूष. एकाचा कागद फाटला, त्याला राग आवरत नाही. एकानं हात जोडून "मी ओढत नाही" म्हणून डबी परत सरकवली, तर तो गेल्यावर नाना म्हणाले, "वडत न्हाई म्हणला. इचारलं हुतं का त्येला? म्या वळ म्हणलो हुतो." पद्मा आत पोह्याच्या बशा गोळा करायची आणि काही बोलायची नाही. बशांचा आवाज मात्र दर वेळी वाढत होता.

मग श्रीनिवास आला. हा सांगून आलेला नव्हता, पद्मानं स्वतः निवडलेला होता. सात रस्ता चौकाजवळच्या दुसऱ्या एका लॅबमध्ये तो रक्त तपासायचा, कामानिमित्त ओळख झाली होती. एकटी आई, भाड्याचं घर, सरळ मुलगा. पद्मानं त्याला डबीची कल्पना देऊन ठेवली असणार, कारण नानांनी "वळा एक" म्हटल्यावर तो दचकला नाही. कागद घेतला, तंबाखू पसरली, आणि बघता बघता अशी सिगारेट वळली की नानांच्या सिगारेटी तिच्यापुढे ओबडधोबड वाटाव्यात. शेवटी अंगठ्याच्या नखानं तिचं तोंड झटकन आत मुडपलं आणि नम्रपणे नानांपुढे ठेवली. दारात उभ्या असलेल्या पद्माच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मलाही वाटलं, सुटली पोर.

नानांनी सिगारेट मधोमध दाबली. दोन्ही टोकं दाबली. कुठेच ढिली नव्हती. मग त्यांनी मुलाकडे बघितलं, आणि मला कळलं की घोटाळा झाला.

तो गेल्यावर नाना म्हणाले, "लई सफाई हाय हाताला. एवढी सफाई कशानं येती? पोरगा सराईत हाय. ह्यो नुसती तंबाकू वळत नसंल. छाट."

त्या दिवशी पद्मा पहिल्यांदा पार्किंगमध्ये येऊन बोलली, आमच्यासमोर. "नाना, वळता आलं नाही तरी नापास, आलं तरी नापास. मग पास कोण होणार? मी पळून जाणार नाही, तुम्हाला मान खाली घालायला लावणार नाही. पण दुसऱ्या कुणासाठी या घरात पोहे होणार नाहीत. लॅबची पुण्याला शाखा निघतेय, मी तिकडं बदली मागते. तुम्ही बसा इथं दाबत."

नानांनी डबी उघडली. सिगारेट वळायला घेतली तर कागद फाटला. तसा तो कधी फाटत नसे.

पोरगी गेली तर या माणसाला जगात कुणी नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं. पण स्वभावाला औषध कुठून आणायचं! त्यांनी उपाय म्हणून श्रीनिवासचीच तपासणी सुरू केली. एके सकाळी तोंडाला मास्क, डोक्याला कानटोपी अशा वेशात मला म्हणाले, "सर, सात रस्त्याला सोडा." मी स्कूटरवर घेऊन गेलो. नानांनी श्रीनिवासच्या लॅबमध्ये भलतंच नाव सांगून रक्त दिलं. तिथून मला दुसऱ्या लॅबमध्ये न्यायला लावलं आणि तिथेही दिलं. दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे होते. मी श्रीनिवाससमोरच बसलो होतो. त्यानं सुई काढली, कापूस लावला आणि शांतपणे म्हणाला, "मूठ सोडा आता, नाना. आणि डबी सांभाळा, खिशातून पडतेय."

संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे आले. तंतोतंत सारखे. साखर वाढलेली, तीही दोन्हीकडे.

"बघा," मी म्हणालो, "मुलगा कामात चोख आहे."

नानांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "दोनीकडं सारकं कसं काय आलं? हितंच तर शंका येतीया मला."

आता माझंही डोकं तडकलं होतं. अशा माणसाच्या पोरीनं पुण्यालाच जावं, असं मी घरी बोलून दाखवलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होतो, नाना पायरीवर होते. फाटकापाशी रिक्षा थांबली आणि नऊवारीतली एक काटकुळी बाई उतरली. काखेत सूप, सुपात पिशवी. जणू कामावरच निघाली होती. तिनं मला "दासरी हितंच राहत्यात का?" विचारलं, उत्तराआधीच तिची नजर पायरीवर गेली, आणि ती जागच्या जागी थांबली.

"आगं बाई," ती म्हणाली. "चेकर!"

नाना उठून उभे राहिले. कारखान्यात त्यांच्यापुढे बायका उभ्या राहायच्या. इथे उलटं झालं.

ती श्रीनिवासची आई, लक्ष्मीबाई. मुलाला नापास करणारा बाप कोण ते बघायला आली होती, आणि निघाला तिच्याच कारखान्यातला चेकर. पूर्व भागातल्या बहुतेकांची घरची भाषा तेलुगू, त्याच भाषेत दोघांची जोरदार जुंपली. मला एक अक्षर कळेना. पद्मा दारात येऊन उभी राहिली, वरच्या खिडक्या उघडल्या. लक्ष्मीबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सुरू केलं.

"एवढी वरसं ह्या माणसानं आमच्या बिड्या छाटल्या. आनि आता माजं पोरगं पण छाटलं! चेकरसाहेब, आज सांगाच. आमची छाट कुटं जायाची? तुमी म्हणायचा मोडून टाकतो. आमाला कोनी दावलं? बाया म्हणायच्या चेकर घरी नेतोय, इकतोय. मी पण म्हणायची."

नानांचा चेहरा पडला. हा माणूस सगळ्यांवर संशय घेत होता, त्याच्यावर एवढा मोठा संशय एवढी वर्षं होता हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना मात्र माहीत होतं.

त्यांनी खिशातली डबी काढली आणि उघडून पायरीवर ठेवली. "लक्ष्मीबाई, म्या कदी बिडी वडताना दिसलो का तुमाला?"

"न्हाई. तुमी कागदाची वडायचा. सायेब लोकावानी."

"का वडत हुतो?"

"आमाला काय ठाव? बिडीची लाज वाटत आसंल."

"माजी आय बिडी वळायची. माजी बायको बिडी वळायची. मला कशाला लाज?" नानांचा आवाज चढला, मग बसला. "चेकरच्या तोंडात बिडी दिसली असती तर तुमी बाया काय म्हणला असता? आमची छाट फुकतोय. इकतची सिग्रेट दिसली असती तर? आमची छाट इकून सिग्रेट फुकतोय. मग म्या काय वडायचं? म्हणून ही डबी घेतली. तुमच्या म्होरं उगडायची, तुमच्या म्होरं वळायची, तुमच्या म्होरं फुकायची. घरात कदी वळली न्हाई. खिशात वळून ठेवली न्हाई. छाट रोज पायाखाली चुरली म्या. बिडीसाटी जीव तळमळायचा, पर एकबी तोंडात घातली न्हाई."

मी पुसायचं फडकं हातात धरून उभा होतो. ती पायरी, ती उघडी डबी, डोळ्यांदेखत चालणारा तो कार्यक्रम. आम्ही ज्याला उद्दामपणा म्हणत होतो ती या माणसाची रोजची साक्ष होती. 

लक्ष्मीबाई मात्र इतक्यात विरघळणाऱ्या नव्हत्या. त्या पायरीवर टेकल्या, सूप मांडीवर घेतलं. "बरं. तुमचं आइकलं. आता माजं. माज्या पोराच्या हाताला सफाई कशानं आली ते तुमाला कळूने? चेकर हाय न्हवं तुमी? लहान हुता तवापास्नं शाळेतनं आला की माज्या सुपासमोर बसायचा. मी वळायची, त्यो बिड्यांची तोंडं मुडपायचा. अब्यास करत करत मुडपायचा. बिडी काय, इडी काय, कदी तोंडाला लावली न्हाई त्येनं. त्येला धुराचा ठसका लागतोय!"

नानांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघितलं. नखानं झटकन आत मुडपलेलं सिगारेटचं ते तोंड मलाही आठवलं. पूर्व भागात वाढलेल्या, जन्म बिड्यांत काढलेल्या माणसाला ते ओळखू आलं नव्हतं. ज्याच्या त्याच्यात खोट बघायची सवय, त्यात घरातली खूण दिसली नाही.

"म्हंजे तुमच्या बिडीची तोंडं," नाना हळू म्हणाले, "ती ह्यो पोरगा मुडपायचा?"

"तर!"

"तुमची बिडी मधी ढिली असायची."

"मधी ढिली न्हवती!" लक्ष्मीबाई कडाडल्या.

"असायची. पर तोंडं..." नानांनी डबीचं झाकण लावलं. "तोंडं म्या कदी छाटली न्हाईत, लक्ष्मीबाई. तुमची तोंडं कायम पास."

पद्मा आत पळाली. थोड्या वेळानं आतून पोहे परतल्याचा वास आला, तेव्हा आम्हाला सगळ्यांना निकाल कळला.

लग्न झालं. पुण्याची बदली पद्मानं मागितलीच नाही. ती पूर्व भागात सासरी गेली, आणि नाना इकडे एकटे कसले राहताहेत? दुपार झाली की रिक्षा करून तिकडेच. स्वभाव तसाच राहिला. जावयाला लॅबमध्ये साखर तपासायला लावायचे आणि नंतर आकड्यावर शंका घ्यायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्यांचं सोसायटीत आलेलं एक कुरिअर द्यायला गेलो होतो. गल्लीत मागांचा आवाज, दारात लक्ष्मीबाई सूप घेऊन बसलेल्या, शेजारी खुर्चीवर नाना. तब्येत उतरली होती. डबी मांडीवर उघडी होती आणि ते सिगारेट वळायचा प्रयत्न करत होते, पण बोटं थरथरत होती. कागद सुटायचा, तंबाखू सांडायची. एकदा झालं, पुन्हा झालं. मी पुढे होणार तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी सुपातली एक बिडी उचलली आणि नानांपुढे धरली.

"घ्या. छाट हाय, मधी ढिली. आमच्या काय कामाची न्हाई."

नानांनी तिच्याकडे बघितलं. मग गल्लीत बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिडी घेतली आणि सवयीनं अंगठ्यानं मधोमध दाबली. दोन्ही टोकं दाबली. ती कुठेच ढिली नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

त्यांनी बिडी ओठांत धरली, काडी पेटवली, आणि ती बिडीला लावण्याआधी माझ्याकडे वळून बजावलं.

"सर, बगितलं न्हवं तुमी? विहीणबाईंनी सवताच्या हातानं दिली. म्या घेतली न्हाई."